बिल्ला मारणार खाते, भुर्दंड मात्र जनावरवाल्याला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यात १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद झाली. सरकारी दवाखान्यातले उपचार, तसेच नैसर्गिक आपत्तीत किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावल्यावर मिळणारी भरपाई, यांनाही तीच अट लागली. या विषयावर छापून येते ते बहुधा ‘पशुपालकांनी सहकार्य करावे’ एवढेच. लहान पशुपालक या नियमावर का चिडून आहेत, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

बिल्ला मुळातच नको, असे कोणी म्हणत नाही. विम्याच्या गाई-म्हशींच्या कानात तो कितीतरी वर्षांपासून आहे. टॅग नाही तर दावा नाही, हे दूधवाल्यांना पाठ आहे. पण हा सरकारी बिल्ला पशुपालकाला दुकानात मिळत नाही. मिळाला तरी त्याने स्वतः मारलेला चालत नाही, आणि जनावरांच्या सरकारी नोंदीच्या ‘भारत पशुधन’ पोर्टलवर त्याला नोंदही करता येत नाही. तिन्ही कामे पशुसंवर्धन खात्याच्या किंवा खात्याने नेमलेल्या माणसाच्या हाती आहेत. ती झाली नाहीत, अर्धवट झाली किंवा चुकली, तर बाजाराच्या फाटकावरून परत जातो तो जनावरवाला. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

आधी बिल्ला मारण्याचेच बघा. तो दोन तुकड्यांचा असतो. एकाला टोकदार खिळ्यासारखा दांडा, दुसऱ्याला तो अडकण्याचे भोक. जनावर नीट जखडून, कान स्पिरिटने पुसून, कानाच्या मधोमध, दोन जाड शिरांच्या मधल्या जागेत, पक्कड एकदाच दाबून लगेच सोडायची. दांडा कानाच्या बुडाशी गेला तर कूर्चा जाड असल्याने रक्त येते आणि सूज चढते. टोकाकडे गेला तर पुढे कान फाटून बिल्ला पडतो. मारल्यावर तो हाताने सहज फिरला पाहिजे. लहान वासराच्या कानात घट्ट बसला, तर कान वाढला की आतले कातडे दाबून कुजते. पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून आठ-दहा दिवस रोज कान बघावा लागतो, औषध लावावे लागते. एकाच गाईचे असेल तर हे सगळे नीट होते. पण लाळ्या-खुरकूताच्या मोहिमेत एकाच माणसाने लस टोचायची, बिल्ला मारायचा आणि मोबाइलवर माहितीही भरायची, तिथे घाईत काय होत असेल ते सांगायला नको.

बिल्ला पडतोही. गव्हाणीच्या गजात, दाव्यात, तारेच्या कुंपणात अडकतो. शेळीची तऱ्हा तर आणखी वेगळी. मागच्या पायांवर उभी राहून बाभळी-बोरीत मान घालणे हा तिचा रोजचा चारा. पडलेल्या बिल्ल्याच्या जागी नवा मारताना पोर्टलवर जुना क्रमांक नव्याशी जोडावा लागतो. तेवढे न करता जनावर नव्याने नोंदवले, की एकाच गाईच्या दोन गाई होतात. आधीच्या लसी, रेतन, वेत सगळे जुन्या क्रमांकावर राहते आणि विम्याच्या कागदावरही जुनाच क्रमांक असतो. गाय मेली की दाव्याच्या वेळी हे उघडे पडते, तेव्हा दुरुस्ती कोणी करायची हे कोणालाच माहीत नसते.

याहून मोठी गोम मालकी बदलात आहे. काष्टी, बेल्हे, सांगोला, चाकण असे बाजार पहाटे भरतात आणि सौदे भराभर उरकतात. बैल शेतकऱ्याकडून हेड्याकडे, हेड्याकडून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे, कधी त्याच दिवशी जातो. पोर्टलवर नाव मात्र पहिल्या मालकाचेच राहते, कारण बदल नोंदवणारा माणूस त्या घडीला बाजारात हवा, रेंज हवी आणि मोबाइलवर सांकेतिक क्रमांक (ओटीपी) आला तर तो मोबाइलही जवळ हवा. अनेक म्हाताऱ्या पशुपालकांच्या नावापुढे नोंदलेला नंबर पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या मुलाचा असतो. पुढे तोच बैल गाडीत सापडला, की बिल्ल्यावरून आधी माग निघतो तो ज्याने तो पावतीवर रीतसर विकला त्याचा. गोवंश हत्याबंदीचा कायदा आणि रस्त्यावर गाड्या अडवणारी मंडळी, दोन्ही समोर असताना या भीतीला नुसती समजूत घालून भागणार नाही.

शेळ्या-मेंढ्यांवर हाच नियम लावणे तर हिशेबातच बसत नाही. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. दीडशे मेंढरांची खांड धरा. एक मेंढरू पकडणे, कान पुसणे, बिल्ला मारणे, बारा अंक, वय, लिंग, जात भरणे, याला तीन मिनिटे लागली तरी साडेसात तास होतात, आणि तेही एकदाही रेंज न जाता. त्यात माण, खटाव, पारनेरकडची खांडं दिवाळीनंतर वाटेला लागतात ती पावसाच्या तोंडावर परततात. दरम्यान कोकरे जन्मतात, काही मरतात, काही वाटेतच विकली जातात. नोंद गावनिहाय आणि कळप चार तालुके पलीकडे! कसायाकडे जाणाऱ्या सहा महिन्यांच्या बोकडाच्या कानाला भोक पाडून त्याची जन्मभराची नोंदवही उघडायची, यातून रोगाविषयी नेमके काय कळणार? लाळ्या-खुरकूत किंवा पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग पसरला, तर कोणता कळप कुठून कुठे गेला हे कळायला हवे. त्याला कळपाचा क्रमांक पुरतो.

हे म्हणणे काही आमच्याच डोक्यातून निघालेले नाही. अमेरिकेत प्रत्येक जनावराला क्रमांक देण्याची राष्ट्रीय योजना लहान शेतकऱ्यांनी जोरात विरोध केल्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये गुंडाळली गेली. तिथला मोठा सल असा होता की, हजारोंच्या संख्येने एकत्र वाढणाऱ्या आणि एकत्रच हलणाऱ्या कोंबड्या-डुकरांना एका लॉटचा एकच क्रमांक चालणार होता, आणि चार जातींची, वेगवेगळ्या वयाची पंधरा-वीस जनावरे पाळणाऱ्याला मात्र प्रत्येकाला वेगळा लावावा लागणार होता. पुढे २०१३ मध्ये आलेला नियम राज्याबाहेर जाणाऱ्या जनावरांपुरता ठेवला गेला. आपल्याकडच्या २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यातही लस दिलेल्या जनावरावर खूण करायला बिल्ला हा एकच मार्ग सांगितलेला नाही. गोंदण किंवा पशुसंवर्धन संचालक ठरवतील ती अन्य खूण चालते. म्हणजे शेळ्या-मेंढ्यांसाठी अख्ख्या कळपाला एकच क्रमांक देणारा कळप-दाखला सुरू करायला दिल्लीची वाट बघायचे कारण नाही.

याच कायद्याने ठरावीक संसर्गजन्य रोगांची लक्षणे दिसणाऱ्या जनावराची खबर देणे मालकावर बंधनकारक केले आहे. मग बिल्ला नाही म्हणून दवाखान्यातून परत पाठवायचे, हे कुठले रोगनियंत्रण? तोंडातून लाळ गळणारी गाय ज्या दारातून माघारी जाते, त्या दारात तिची खबरही पोचत नाही. ती गाय गावातल्या खासगी माणसाकडून इंजेक्शन घेऊन पुन्हा दावणीला उभी राहते आणि शेजारच्या गोठ्यात रोग गेल्यावरच खात्याला कळते. बिल्ला नसलेले जनावर दवाखान्यात आले तर ती बिल्ला मारण्याची आयती संधी आहे. आधी उपचार, मग बरे झाल्यावर बिल्ला, इतके साधे आहे.

भरपाईचेही तसेच. आपत्तीत दुभती गाय-म्हैस गेली तर ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० असे मदतीचे दर आहेत. पुरात वाहून गेलेल्या म्हशीचा किंवा बिबट्याने उचललेल्या शेळीचा कान दाखवायचा कुठून? पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब, डेअरीची दूध-पावती, जुना फोटो हे पुरावे पूर्वी चालत होते, ते आताही चालले पाहिजेत. बाजाराच्या जुन्या पावत्यांवर रंग, शिंगांची ठेवण, भोवरे लिहिलेले असायचे. पडलेल्या बिल्ल्याच्या जनावराला तेवढ्या वर्णनावर आणि नाकाच्या ठशावर पंधरा दिवसांचा तात्पुरता दाखला देता येईल.

जनावरांचा प्रत्येक बाजार सुरू होण्याच्या दोन तास आधीपासून तिथे बिल्ले, पक्कड आणि मालकी बदल नोंदवणारा माणूस असावा. बाजार समित्या जनावरामागे शुल्क घेतातच, त्यातून हे व्हावे. मालकी बदलाची पावती दोघांच्या हातात पडेपर्यंत सौदा पुरा धरू नये, पण पोर्टल बंद असेल तर हाताने लिहिलेली पावती ग्राह्य धरावी आणि तिची नोंद समितीने सात दिवसांत करावी. बिल्ला मागून पंधरा दिवसांत मिळाला नाही तर त्या मालकावर विक्रीची बंदी लागू नये. बिल्ल्याच्या मागणीची तारीख टाकलेली पोच दवाखान्याने द्यावी. पोच मागितली की ‘साठा आला की कळवू’ असे तोंडी उत्तर मिळते, ते आधी बंद व्हायला हवे.

आपले,
माण व खटाव तालुक्यांतील काही शेळी-मेंढी व दूध उत्पादक
जि. सातारा