दुसरी वही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांना ‘मनातले लिहून काढा’ असा सल्ला हल्ली वरचेवर दिला जातो. सल्ला चांगलाच आहे. पण त्याला लगेच ‘रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा’ अशी पुस्ती जोडली जाते, तिथे माझा आक्षेप आहे.

माझ्या सासूबाईंना अल्झायमरचे निदान होऊन सहा वर्षे झाली. गोळ्या, झोप, शौच, पडझड यांची नोंद ठेवणारी एक वही घरात आधीपासून होतीच, डॉक्टरांना दाखवण्यासाठी. दुसरी मी गेल्या वर्षी सुरू केली आणि ती कोणी वाचायची नाही, असे घरात बजावून ठेवले. ‘आज मी त्यांचा हात झटकला आणि मला वाईटही वाटले नाही’ हे तिचे पहिले वाक्य. कोणी वाचणार असते, तर ते मी लिहूच शकले नसते.

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लिहिले होते. आयुष्यातील क्लेशकारक घटना आणि त्यामागच्या भावना अशा दोन्ही लिहिणारे लिहून उठताना अधिकच खिन्न झाले. पुढील काही महिन्यांत मात्र त्यांना आरोग्यकेंद्रात कमी वेळा जावे लागले. पेनेबेकर यांना पुढे असेही आढळले, की ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘लक्षात आले’ अशा अर्थाचे शब्द दिवसागणिक वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाला. माझ्या वहीत आठवडाभर निव्वळ संताप आहे. मग एके ठिकाणी मी लिहिले आहे, की ‘मला घरी जायचंय’ म्हणत सासूबाई कपड्यांचे गाठोडे बांधतात ते नेमके दिवेलागणीला, आणि त्याच वेळी मीही दमून चिडलेली असते. (संध्याकाळची ही अस्वस्थता आजाराचाच भाग असल्याचे डॉक्टरांनी कधीच सांगितले होते, उमजले ते लिहिताना.)

अर्थात, काळजीवाहूंवरील अशा प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि लिहिल्याने राहिलेली झोप भरून निघत नाही. लिहून मन दिवसेंदिवस अधिकच खचत असेल, तर वही मिटून समुपदेशकाकडे जावे, हे बरे.

मला ती पंधरा मिनिटे मिळतात, कारण माझी नणंद रोज रात्री अर्धा तास आईजवळ येऊन बसते. वहीचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी ‘तेवढा वेळ रुग्णाजवळ कोण बसेल?’ हेही त्याच भेटीत, सोबत आलेल्या नातलगांच्या देखत विचारावे, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपली,
एक वाचक