हातगाडीचे चाक

सावंतवाडी,
बुधवार

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

गणपतीत तुला जे बोललो ते मनातून जात नाही. मासळीबाजाराचे फोटो काढायला जे.जे. कला महाविद्यालयात कशाला जायचे, हे वाक्य उभा जन्म मुलांना चित्रकला शिकवलेल्या माणसाच्या तोंडी शोभणारे नव्हते. भाऊच्या धक्क्यावरचे जे छायाचित्र तू टेबलावर ठेवून गेलीस, ते मी रोज पाहतो. पाटीत बर्फ लोटणाऱ्या त्या कोळणीच्या अंगठ्याची चिंधी भिजून करडी झाली आहे आणि गाठीपाशी एकच खवला चिकटला आहे. मला तो रंगवायचा सुचला नसता. मात्र उजव्या कडेला हातगाडीचे अर्धे चाक आले आहे, आणि ते तुझ्यापासून जेमतेम दोन हातांवर असावे.

तू चौथीत असताना म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आपण ‘निरांजनी’ पाहिली होती. पुष्कळ लोक ती रविवर्म्याची समजतात, पण ती आपल्या वाडीच्या हळदणकरांची, आणि तीही जलरंगातली, जिथे उजेड मागाहून लावता येत नाही, आधीपासून कागद कोरा राखावा लागतो. तू चौकटीमागे खरा दिवा शोधत होतीस आणि आई तुला ओढत होती. त्या चित्रासाठी हळदणकरांनी स्वतःच्याच मुलीला उभे केले होते. ती निदान बापाच्या नजरेसमोर होती.

छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेरने 1838 च्या सुमारास पॅरिसच्या एका रस्त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा कॅमेऱ्याचे भिंग कित्येक मिनिटे उघडे ठेवावे लागल्याने चालती गर्दी उमटलीच नाही. बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला माणूस तेवढा राहिला. तुझ्या कॅमेऱ्याला सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो, मग पहाटेच्या अंधारात, त्या निसरड्यावर, डोळा मिटून इतका वेळ उभे राहायचे कशाला? पाहा, पुन्हा मास्तरकी सुरू झाली. क्षमा कर. बापूच्या वेळेपासून ओल्या फरशीचे नाव निघाले तरी मला झोप येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

काकूचे प्लास्टर गुरुवारी निघेल. तुझे छायाचित्र काल फ्रेमला दिले. कडेचे चाक माउंटखाली झाकू का, असे फ्रेमवाल्याने विचारले. मी नको म्हणालो. रबरी तळाच्या बुटांसाठी पैसे पाठवले आहेत, ते लेन्ससाठी खर्चू नकोस.

तुझे,
बाबा