कापलेला दस्ता

प्रिय सुहास,

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझी ली-एनफील्ड रायफल टेबलावर पूर्ण खोललेली होती, म्हणून उत्तराला इतका उशीर झाला. हातात पैसे बेताचे असताना ते नेमके कुठे घातले, असं तू विचारलं आहेस. तुझी नंबर 1 मार्क 3, म्हणजे ली-एनफील्डचंच जुनं मॉडेल, आता लवकरच उघडायची म्हणतोयस, तेव्हा सगळं सविस्तर लिहितो.

माझी नंबर 4 मार्क 1 आहे, दुसऱ्या महायुद्धातली. युद्धानंतर अशा रायफली स्वस्तात विकल्या गेल्या आणि घेणाऱ्यांनी त्या शिकारीसाठी हलक्या करून घेतल्या. पुढचं लाकूड करवतीनं कापायचं, नळीवरचं लाकडी आवरण आणि कड्या काढून टाकायच्या, झालं. आधी मला वाटलं होतं की लष्करी लाकूड शोधून तिला मूळ रूपात आणावं. हिशेब केला तर नुसत्या लाकडाला आणि कड्यांना रायफलीपेक्षा जास्त पैसे पडत होते. शिवाय ज्या कुणी ते लाकूड कापलं, त्यानं टोक इतकं निगुतीनं गोल केलंय की मला ते काढून टाकवेना. कापलेली आहे तशीच ठेवायची आणि चांगली करायची, असं ठरलं.

पहिला खर्च तपासणीवर केला. इथे तूही हात आखडू नकोस. या रायफलीच्या .303 काडतुसाला मागे कड असते. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा, बंद झाल्यावर त्या कडेसाठी जी जागा उरते तिला हेडस्पेस म्हणतात. ती वाढली की गोळी सुटताना काडतुसाचं पितळ मागच्या बाजूला ताणलं जातं, कधी फाटतंही, आणि आपला चेहरा तिथून वीतभर अंतरावर असतो. कारागिरानं 0.074 इंचांचं गेज, म्हणजे चालेल त्या कमाल जागेचं माप, घातलं आणि बोल्ट त्यावर सहज बंद झाला. व्हायला नको होता. माझ्या पोटात गोळाच आला. पण नंबर 4 मध्ये बोल्टचं डोकं वेगळं निघतं आणि त्यावर 0 ते 3 असे आकडे असतात, पुढचा आकडा किंचित लांब. माझ्यावर 1 होता. वापरलेलं 2 नंबरचं बसवलं, पुन्हा गेज घातलं आणि काम झालं. तुझ्या नंबर 1 ला आकड्यांची ही सोय नाही. तिथे जुळणारं डोकं कारागिरालाच शोधून बसवावं लागेल.

नळी आतून तपकिरी होती. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर मागे जो क्षार राहतो, तो मिठासारखी हवेतली ओल ओढतो. तो तेलात विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, आणि तेल सर्वांत शेवटी. खड्डे राहिले आहेत, पण तोंडाशी पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा, स्वच्छ आहेत.

लाकडावर मात्र मी तीन आठवडे घालवले, आणि मन लावून. जाड वार्निश उतरवल्यावर खाली अक्रोडाच्या रेषा दिसल्या. चेपलेल्या जागांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की दबलेले तंतू वाफेनं फुगून वर येतात. पॉलिश पेपरनं घासू नकोस, लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा खाली जातं आणि ते भरून येत नाही. झटका ज्या जागी लाकडावर बसतो तिथे वर्षानुवर्षं तेल मुरून ते मऊ झालं होतं. तेवढा भाग काढून कठीण लाकडाच्या चकत्या चिकटवल्या आणि जरा जरा तासत बसवल्या. त्यानंतर जवसाचं तेल, तळहातानं चोळून, अगदी पातळ, एका दिवसाला एकच हात. तेलाची फडकी चुकूनही गोळा करून टाकू नकोस. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगारा आपोआप पेटू शकतो. मी ती पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवतो.

आता तुझ्या रायफलीबद्दल एक गोष्ट. नंबर 1 मध्ये मागचा दस्ता जोडणाऱ्या लांब बोल्टाचं (हा स्क्रूसारखा, वरच्या सरकत्या बोल्टपेक्षा वेगळा) चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो बोल्ट फिरवलास, तर लाकूड उभं चिरेल. आधी पुढचं लाकूड, मगच दस्ता. त्या बोल्टाला पोचणारा लांब स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे. मी घेऊन येतो, तोवर तिला हात लावू नकोस.

तुझा,
विनय