घोरी-दीक्षित राहिलेच की!

माननीय संपादक साहेब,

स.न.वि.वि.

तुमच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत हिंदी सिनेमातल्या कॉमेडियन लोकांवर पानभर लेख आला होता. वाचला, आवडला पण. जॉनी वॉकर आले, मेहमूद आला, धुमाळ आणि शुभा खोटे आले, फोटो पण मस्त होते, पण लेखाची सुरुवातच मुळी पन्नासच्या दशकापासून केलीय, म्हणजे त्याच्या आधी लोक थेटरात फक्त रडायलाच जायचे की काय असं वाटावं. साहेब, 1932 पासून फाळणीपर्यंत हिंदी सिनेमात घोरी-दीक्षित नावाची जोडी होती आणि त्या काळात ही दोन नावं एका दमात घेतली जायची. नझीर मोहम्मद घोरी हा मुंबईचा आणि मनोहर जनार्दन दीक्षित आपल्या सिन्नरचा. हो, सिन्नरचाच, गोंदेश्वराच्या गावचा. आता नाशिक जिल्ह्यात सिनेमा म्हटलं की त्र्यंबकचे दादासाहेब फाळके आठवतात, पांडवलेणीच्या पायथ्याला त्यांचं स्मारक पण आहे, ते योग्यच आहे, पण त्याच जिल्ह्यातला दुसरा माणूस खुद्द जिल्ह्यात कोणाला माहीत नाही म्हणून हे पत्र.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोलपट सुरू झाला 1931 च्या मार्चमध्ये, आलम आरा, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये. पुढच्याच वर्षी रणजीत मूव्हीटोनचा चार चक्रम आला, दिग्दर्शक जयंत देसाई, आणि त्यात हे दोघं एकत्र आले. मग 1933 ला भूलभुलैया, 1934 ला तूफान मेल, असं चालूच राहिलं. रणजीत म्हणजे चंदुलाल शहा आणि नटी मिस गोहर यांची पिक्चर काढणारी कंपनी, दादर पूर्वेला स्टुडिओ, ज्या रस्त्याला आज फाळक्यांचं नाव आहे तिथेच. तिथे नट, लेखक, गाणारे सगळे महिन्याच्या पगारावर आणि पिक्चर एकामागून एक काढायचे, गिरणीत पाळी चालते तसं. असल्या ठिकाणी पगारावरची एक हुकमी विनोदी जोडी असणं म्हणजे मालकाची सोयच, कारण पिक्चर पौराणिक असो, मारामारीचा असो की सामाजिक, या दोघांना कुठेही घुसवता यायचं.

पेपरवाले त्यांना भारताचे लॉरेल-हार्डी म्हणायचे, दीक्षित अंगाने जाडा म्हणून तो हार्डी आणि घोरी लॉरेल. आता लॉरेल-हार्डीची जोडी अमेरिकेत 1927 ला जमली होती आणि त्यांचे पिक्चर आपल्याकडे लागायचे, तेव्हा त्यांच्यावरून उचललं हे उघडच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हे लेबल मला अर्धवट वाटतं. लॉरेल-हार्डीचे पिक्चर त्यांचे स्वतःचे असायचे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच दोघं. आपल्याकडे तसं नव्हतं, इथे बहुतेक वेळा हिरो वेगळा, हिरोईन वेगळी, त्यांची स्टोरी वेगळी आणि मधेमधे या दोघांचा ट्रॅक. ही पद्धत अमेरिकेतली नाहीच, ही आली पारशी नाटकांतून. तिथे मुख्य कथेच्या जोडीला एक ‘कॉमिक’ चालायचं, त्याचा कथेशी संबंध असला तर असला नाहीतर नाही, आणि त्याचं एक व्यवहारी कारण पण होतं, मागे मोठा सेट लावायचा तर पुढे पडदा टाकून त्याच्यासमोर दोन विनोदी पात्रं सोडायची, पब्लिक हसतंय तोवर मागे महाल उभा. सिनेमात सेट बदलायला कोणाला थांबावं लागत नाही तरी ती सवय गेली नाही, आणि बोलपट आल्यावर तर सवाल-जवाब ऐकू यायला लागले म्हणजे जोडीला आणखीच भाव. मेहमूद, धुमाळ आणि शुभा खोटे यांचा ससुराल किंवा जिद्दी मधला ट्रॅक बघा, गाडी त्याच रुळावर चाललीय, फक्त तीस वर्षांनी. म्हणून म्हणतो तुमच्या लेखात पहिला डबाच राहिलाय.

बरं, तुमच्या लेखकाला तरी किती दोष द्यायचा हा प्रश्न आहेच. बघायलाच काही नाही तर लिहिणार काय? तेव्हाची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी, नीट ठेवली नाही की नुसत्या हवेने कुजणारी, वर तिच्यात चांदी असायची म्हणून जुनी रिळं विकून लोक चांदी काढून घ्यायचे. पिक्चर चालून झाला की त्याची किंमत तेवढीच. आलम आराची सुद्धा एक प्रिंट उरलेली नाही, मग जयंत देसाईंच्या हसवाहसवीच्या पिक्चरला कोण विचारतो. पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह, म्हणजे जुने पिक्चर जपून ठेवणारं सरकारी संग्रहालय, निघालं ते 1964 ला, तोवर सगळं उरकलं होतं. तिथल्या पी. के. नायरांनी पुढे गावोगाव फिरून जेवढं मिळेल तेवढं गोळा केलं, पण जे आधीच वितळून गेलं ते ते तरी कुठून आणणार.

इथे मला एक गोष्ट सारखी आठवते. त्याच काळात मराठीत पण अशीच जाड-बारीक जोडी होती, चिमणराव आणि गुंड्याभाऊ. मास्टर विनायकांच्या लग्न पहावं करून मध्ये, 1940 ला, दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. पण चिमणराव आज पण घराघरात माहीत आहे, का, तर चि. वि. जोशींनी तो आधी कागदावर लिहून ठेवला होता, त्यावरून पिक्चर झाला, मग टीव्हीवर प्रभावळकर आणि बाळ कर्व्यांनी केला, उद्या आणखी कोणी करेल. घोरी-दीक्षितचं सगळं अंगात होतं, चालण्यात, पडण्यात, एकमेकांकडे बघण्यात, आणि ते फक्त रिळावर होतं. रीळ गेलं म्हणजे माणसं गेली.

दोघांचा शेवट पण कसा बघा, फाळणी झाली आणि घोरी पाकिस्तानात गेले, दीक्षित 1949 ला वारले, त्रेचाळीसाव्या वर्षी. रणजीतचे दिवस पण तोवर फिरले होते, मालकांना सट्टा आणि रेसचा नाद, वर पगारी नटांचा जमाना जाऊन प्रत्येक पिक्चरचे पैसे मोजून घेणारे स्टार आले. जोडी टिकली असती तरी तिला सांभाळणारी कंपनी राहिली नव्हती.

तर साहेब, नुसती तक्रार करायला पत्र लिहिलेलं नाही, मागणी आहे. त्या काळात थेटरात गाण्यांची चोपडी विकायचे, पातळ कागदाची, आत गाणी, थोडक्यात कथा आणि कोणी काय काम केलंय त्याची नावं. आज ज्या पिक्चरचं एक रीळ नाही त्याची चोपडी मात्र कोणाच्यातरी माळ्यावर जुन्या पंचांगात अडकलेली असू शकते. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी हिंदी फिल्म गीतकोश, म्हणजे पिक्चरवार गाण्यांची आणि नावांची यादी, केला तो अशाच कागदांच्या जोरावर, नाहीतर 1931 ते 40 मध्ये कोण कोणत्या पिक्चरमध्ये होतं हे आज सांगता आलं नसतं. आणि सगळ्यात मोठा खजिना तुमच्यासारख्यांकडेच आहे, जुने अंक! तीस-चाळीस सालच्या वर्तमानपत्रात रोज थेटरच्या जाहिराती असायच्या, कोणता पिक्चर कुठे, कितवा आठवडा, खाली ठळक नावं. तुमच्या बांधीव फाईलींमध्ये घोरी-दीक्षितच्या जाहिराती असणारच. एखाद्या शिकाऊ पत्रकाराला त्या कामाला बसवा, मोबाईलवर फोटो काढा आणि पुरवणीत आठवड्याला एक छापा, जागा फार लागत नाही, राशिभविष्यातून कापली तरी चालेल.

दुसरं म्हणजे सिन्नर, नाशिकच्या वाचकांसाठी दोन ओळींचं आवाहन टाका. ज्यांच्याकडे दीक्षितांचे फोटो, चोपड्या, पोस्टर, पत्रं असतील त्यांनी रद्दीत घालू नका, लॅमिनेशन पण करू नका (हे लोक हमखास करतात आणि वाट लावतात), कोरड्या जागी सपाट ठेवा आणि पुण्याच्या अर्काइव्हला कळवा. सिन्नर नगरपरिषदेने एखाद्या चौकाला नाव द्यावं असं काहींना वाटेल, द्या बापडे, पण पाटी लावून काम झालं असं समजू नका, आधी कागद शोधा.

आणि हो, तुमच्या वेबसाईटवर तो लेख अजून तसाच आहे. तिथे पन्नासच्या दशकाच्या आधी एक परिच्छेद घालायला काही अडचण नसावी. नावं आणि सालं वर दिलीच आहेत.

कळावे,
आपला एक जुना वाचक, नाशिक रोड