फॉर्म बी घेण्याआधी वरचा व्हॉल्व्ह उघडून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैत सादर करावे लागते. ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. बिल्डरने कधीकाळी घेतलेल्या अंतिम ना-हरकत दाखल्याने ती संपत नाही. तरीही कित्येक ठिकाणी यंत्रणेला हात न लावताच हा कागद तयार होतो, हे फार धोक्याचे आहे.

सोसायटीच्या समितीने एजन्सीच्या माणसाला समोर उभे करून एवढे करून घ्यावे. पंपाचे पॅनेल ‘ऑटो’वर ठेवून सर्वांत वरच्या मजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हला (जिन्याजवळच्या आगीच्या पाइपवरील नळाला) होज, म्हणजे पाण्याची नळी, जोडावा आणि व्हॉल्व्ह उघडावा. दाब उतरताच आधी जॉकी पंप (पाइपमधला दाब टिकवणारा छोटा पंप) आणि मागोमाग मुख्य पंप, कोणी बटण न दाबता, सुरू झाला पाहिजे. उंच इमारतीत पाणी वाहत असताना तिथे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब मिळायला हवा.

पॅनेल ‘मॅन्युअल’वर सापडले, तर मूळ बहुधा गळतीत असते. एखादा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) पाणी धरत नाही, जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो, रहिवासी आवाजाची तक्रार करतात आणि कोणीतरी ‘ऑटो’ काढून टाकतो. व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा सोडून यंत्रणाच झोपवली जाते.

पंपाची वीज कुठून येते, तेही तपासा. आगीच्या वेळी इमारतीचा मेन स्विच बंद करतात. पंपाची जोडणी त्या स्विचच्या आधी, स्वतंत्र नसेल, तर ऐन वेळी पंपही थांबतो. डिझेल पंप असल्यास बॅटरी उतरलेली नाही ना, हे दर आठवड्याला इंजिन चालवून पाहावे.

इंटिरिअर कंत्राटदार फॉल्स सीलिंग करताना स्प्रिंकलर वरच झाकून टाकतात. मग उष्णता त्यातल्या, तापून फुटणाऱ्या काचेच्या बल्बपर्यंत उशिरा पोहोचते आणि पाणी छतावरच अडते. स्प्रिंकलर सीलिंगच्या खाली उतरवून घ्यावा, त्यावर रंग लागू देऊ नये. इंटरनेटची केबल ओढणारे इलेक्ट्रिक डक्टमध्ये (वायरींच्या उभ्या पोकळीत) मजल्यामजल्यावर भोके पाडून जातात. धूर त्यातूनच वर चढतो. ही भोके साध्या फोमने नव्हे, आगरोधक सीलंटने बुजवावीत आणि तोवर सोसायटीने कंत्राटदाराची अनामत रक्कम परत करू नये.

आपला,
एक अग्निसुरक्षा अभियंता, ठाणे