बस रोज उशिरा यायची

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आधी वीस मिनिटं तुझ्या इमारतीच्या बंद लिफ्टबद्दल बोलून झालं आणि मग तू म्हणालीस, "आई, आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली की सगळ्यांचं रडगाणं सुरू होतं. कुणाची सासू, कुणाचा घरमालक, कुणाचा मुलगा अभ्यासच करत नाही. मी सरळ हेडफोन लावून बसते." मी नुसतं "हं" म्हटलं आणि विषय बदलला. पण फोन ठेवल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. तोंडी सांगायला गेले असते तर तुला ती सूचना वाटली असती, म्हणून लिहायला बसले.

तुझी बाजू मला कळते. काम नवं, माणसं नवी, सकाळपासून डोळे स्क्रीनला चिकटलेले. त्या अर्ध्या-पाऊण तासात कानांना थोडी शांतता हवीशी वाटणारच. तू माणूसघाणी नाहीस हेही मला ठाऊक आहे. पण तू त्या बोलण्याला रडगाणं म्हणालीस, तिथे मी अडखळले. एकतीस वर्षं मी पगार विभागात काढली आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मीही तसंच समजत होते.

माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तुला आठवत असेल. तुझ्या प्रत्येक परीक्षेआधी नवं पेन पाठवायची, ती. तू अगदी लहान होतीस तेव्हा एका वर्षी ती रोज सकाळी येऊन बसची तक्रार करायची. आज बस उशिरा आली, आज थांबलीच नाही, आज दारात लोंबकळत यावं लागलं. पर्स टेबलावर ठेवायची आणि बोलता बोलता फाइलीचं रबर बोटाला गुंडाळत राहायची, इतकं घट्ट की बोटाचं टोक पांढरंफटक पडायचं. मी दर वेळी उपाय सांगायचे. आधीची बस पकड. मागच्या थांब्यावर जाऊन चढ. खालच्या मजल्यावरचे ते गाडीने येतात, त्यांना विचार. ती "बघते" म्हणायची, रबर सोडायची आणि कामाला लागायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. मला वाटायचं, हिला उपाय नकोच आहे, हिला फक्त कुरकुर करायची आहे.

त्या हिवाळ्यात माझा घसा बसला. आवाजच फुटेना. डॉक्टरांनी चार दिवस एक शब्दही बोलायचा नाही म्हणून बजावलं. महिनाअखेर होती, पगाराची कामं अंगावर, त्यामुळे रजा घेता आली नाही. पहिल्याच सकाळी ती आली, "आज पुन्हा बस..." म्हणाली आणि थांबली. मी नेहमीसारखं काही सुचवेन याची ती वाट बघत होती. मी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि नुसती मान हलवली. ती बराच वेळ गप्प होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बस वेळेवर येते गं. मलाच घरातून निघता येत नाही."

तिची आई सहा-सात महिन्यांपासून विसरायला लागली होती. ही सकाळी चपला घालायला लागली की आई दारात येऊन उभी राहायची आणि विचारायची, "तू कोण? कुठे चाललीस?" मग ओळख पटवायची, समजूत काढायची, हात सोडवून घ्यायचा. तोवर बस गेलेली असायची. भाऊ म्हणायचा, वयाप्रमाणे होतं, तू उगाच बाऊ करतेस. बाहेर बोलावं तर लोक आईला वेडी ठरवतील ही भीती. म्हणून ती बसला दोष देत होती. बसबद्दल बोलायला कुणाची लाज वाटत नाही ना.

रबर तसंच तिच्या बोटाला होतं. मी हात पुढे करून ते सोडवलं. त्या दिवशी मी एवढंच केलं.

मनू, मला त्याचं अजून वाईट वाटतं. तिची आई तिला ओळखत नव्हती आणि मी तिला बसचं वेळापत्रक समजावत होते. माझा घसा बसला नसता तर ती किती दिवस तशीच येत राहिली असती, कुणास ठाऊक.

पुढे दोन-तीन वर्षांनी आम्हाला कचेरीतर्फे एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्याबद्दल ऐकलं. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा कारखाना, टेलिफोनची उपकरणं बनवणारा. 1924 साली तिथे दिव्यांच्या उजेडाचा कामावर काय परिणाम होतो हे तपासायला सुरुवात झाली आणि तो अभ्यास पुढे कित्येक वर्षं वाढत गेला. त्यातला उजेडाचा भाग सगळे सांगतात. मला जो लक्षात राहिला तो पुढचा. 1928 ते 1930 या काळात त्यांनी वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते: काम कसं वाटतं, जागा कशी आहे, वरचा माणूस कसा वागतो. पण माणसं ते प्रश्न बाजूला ठेवून भलतंच बोलायला लागली. घरातलं आजारपण, पैशाची ओढाताण, मनात साचून राहिलेल्या गोष्टी. शेवटी प्रश्नांची यादीच बाजूला ठेवली आणि माणूस जे बोलेल ते ऐकायचं ठरलं. अर्ध्या तासाची मुलाखत तास-दीड तास चालायला लागली. कंपनीने दिव्यांबद्दल विचारायला सुरुवात केली होती आणि लोकांनी तिला घरात नेऊन बसवलं.

त्या कामाशी जोडलेले एल्टन मेयो नावाचे संशोधक होते. मुलाखत घेणाऱ्यांसाठी त्यांनी काही नियम मांडले. आपण बोलायचं नाही, ऐकायचं. वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. माणूस काय सांगतोय ते ऐकायचं, काय सांगायचं टाळतोय तेही ऐकायचं, आणि कुणी हात दिल्याशिवाय त्याला जे सांगताच येणार नाही, त्याकडे कान ठेवायचे. जे कळेल ते कुठेही बोलायचं नाही. मी ते वहीत उतरवून घेत होते आणि डोळ्यांसमोर ते रबर येत होतं. जे नियम पाळायला मला आजारी पडावं लागलं, ते कुणीतरी आधीच लिहून ठेवले होते.

माणूस कामाच्या जागी बोलल्याशिवाय राहतच नाही, हेही खरं. इंग्लंडात लँकेशरच्या कापड गिरण्यांमध्ये मागांचा आवाज इतका असायचा की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू यायचं नाही. तिथल्या बायका आवाज न काढता तोंडाच्या ठळक हालचाली करून, एकमेकींचे ओठ वाचून बोलायच्या. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्दही होता. अशा ठिकाणीसुद्धा बायकांनी गप्पा सोडल्या नाहीत. म्हणून तुझ्या ऑफिसातल्या सुट्टीतल्या बोलण्याला मी वाया गेलेला वेळ म्हणू शकत नाही.

त्या चार दिवसांनंतर मी बदलले. उपाय सुचला तरी जिभेवर ठेवायचा आणि आधी "मग?" एवढंच विचारायचं, असं ठरवलं. फार अवघड गेलं. कुणी दुःख सांगितलं की आपली जीभ शिवशिवते. आणि "घरोघरी मातीच्या चुली" हे तर आपण फार लवकर म्हणून टाकतो. ती म्हण खोटी नाही. दोघींचं बोलून झाल्यावर म्हटली तर धीर देते. पण समोरचीचं पहिलं वाक्य संपायच्या आत म्हटली की तिचं तोंड बंद होतं. तुझं काही वेगळं नाही, आता पुरे, असंच तिला ऐकू येतं. तसंच "माझ्याकडे तर याहून वाईट आहे" हे. ते म्हणणारीला वाटतं आपण सोबत करतोय, आणि समोरची मात्र हिरमुसून गप्प बसते.

माझ्या मैत्रिणीला खरी मदत कुणाकडून झाली, माहीत आहे? आमच्याच मजल्यावर टोकाला बसणाऱ्या एका गृहस्थांकडून. त्यांच्याशी आमचं बोलणं नमस्कारापुरतं. हळूहळू ती दोन-तीन जणांसमोर आईबद्दल बोलायला लागली, ते त्यांच्या कानावर गेलं आणि एक दिवस ते स्वतः येऊन म्हणाले की त्यांच्या वडिलांना हाच त्रास होता. हा वयाचा भाग म्हणून सोडून देऊ नका, हा आजार असू शकतो, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनी सांगितलं. गॅसचा कॉक रात्री बंद करायचा, आईच्या खिशात नाव-पत्ता-फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, ओळख विसरली तर वाद न घालता पुन्हा शांतपणे सांगायचं, हेही त्यांनीच शिकवलं. सख्ख्या भावाला जे सुचलं नाही ते टोकाच्या टेबलावरून आलं. ती तोंड मिटून बसली असती तर त्यांना कळणार कसं?

पण एक सांगते, हे सगळं ऐकून उद्यापासून सगळ्यांच्या दुःखात बुडून जाऊ नकोस. त्याचाही त्रास मी पाहिलाय. आम्हा चौघीजणींचा एक गट होता आणि एका वरिष्ठांवर आम्ही जवळजवळ वर्षभर बोललो. तेच प्रसंग, तीच वाक्यं, रोज दुपारी. त्या काळात आम्ही एकमेकींच्या फार जवळ आलो हे खरं, पण घरी जाताना डोकं जड असायचं आणि रात्री झोपेतही तेच. पुढे वाचनात आलं की अमांडा रोज या अमेरिकन संशोधिकेने 2002 साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास करून हेच मांडलं होतं. ज्या मैत्रीत एकच अडचण पुन्हा पुन्हा उगाळली जाते ती मैत्री घट्ट असते, पण त्याच मुलांमध्ये चिंता आणि उदासीही जास्त दिसते. आम्ही शाळकरी नव्हतो, तरी ते वाचून मला आमच्या त्या दुपारी आठवल्या. गोष्ट तिसऱ्यांदा तशीच आली की विचारावं, "यातलं उद्या सकाळी तुला काय करता येईल?" उत्तर नसेल तर विषय बदलावा. त्यात निष्ठुरपणा नाही.

आणि काही तक्रारी गप्पांत ठेवायच्याच नसतात. कुणी अंगाला हात लावला, कुणी घाणेरडं बोललं, केलेल्या कामाचे पैसे अडकवले, तर मैत्रिणीपाशी रडून घे, पण त्याच दिवशी तारीख-वेळेसकट लिहून काढ आणि लेखी तक्रार दे. अशा गोष्टी गप्पांमध्ये विरघळून जातात आणि त्रास देणारा सुटतो. वीस-पंचवीस जणींचं बोलून झालेलं, पण कागदावर एक ओळही नाही, असं मी स्वतः पाहिलंय.

कानावर आलेलं बाहेर नेऊ नकोस, हे तुला वेगळं सांगायला नको. तरी सांगते. माझ्या मैत्रिणीच्या आईची गोष्ट एका बाईने जिन्यात हसत हसत कुणाला तरी सांगितली. हिने ती ऐकली. त्यानंतर कितीतरी महिने ती पुन्हा बसबद्दलच बोलत होती.

त्या हेडफोनचं काय करायचं ते तू ठरव. रोज काढ असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून दोन दिवस काढलेस तरी पुष्कळ. तुझ्या त्या टेबलावर जी सगळ्यांत क्षुल्लक गोष्टीची तक्रार करते, घरमालक किंवा असंच काहीतरी, तिच्याजवळ बस. काही बोलायची गरज नाही.

आता लिफ्ट. तू सहाव्या मजल्यावर राहतेस, दम लागत असेल, चिडचिड होत असेल, सगळं मान्य. पण तू वीस मिनिटं लिफ्टबद्दल बोललीस, मनू. मधे दोनदा तुझा आवाज घशात अडकला आणि तू पुन्हा लिफ्टवर आलीस. मी तेव्हाही तुला इमारतीच्या सचिवांना पत्र लिहायला सांगत होते. सवय जात नाही.

या रविवारी फोन कर. लिफ्टपासून सुरू केलंस तरी चालेल. मी काही सुचवणार नाही.

तुझी,
आई