रिंगरोडचे फोटो एकाच जागेवरून काढा

पुणे रिंगरोडच्या कामाची ड्रोनने टिपलेली छायाचित्रे आपल्या रविवारच्या अंकात पाहिली. देखणी आहेत, पण रस्ता कसा बांधला जातोय हे त्यांतून कळत नाही. ते कळायला जागा आणि कोन न बदलता, दर महिन्याला काढलेला फोटो लागतो.

चांदणी चौकात मी हौसेने असे फोटो काढले. बावधनच्या बाजूने, एकाच खांबाला खांदा टेकवून, साध्या मोबाइलवर. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटकांनी पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या रचनेचे उद्घाटन झाले. बातमी झाली ती या दोन दिवसांची. काम दिसते ते मधल्या फोटोंत.

पुढे आमच्या गल्लीच्या रस्त्याचेही फोटो काढले. एप्रिलच्या फोटोत पावसाळी पाण्याचा पाइप उघडा दिसतो, मेमध्ये त्याच्या तोंडाशी राडारोडा, जूनमध्ये वर गुळगुळीत डांबर. जुलैत गुडघाभर पाणी साचले तेव्हा कारण शोधायला खोदावे लागले नाही!

रिंगरोड सुमारे १७० किलोमीटरचा. पश्चिमेचा भाग उर्से ते वरवे, बराचसा डोंगरउताराचा, ओढ्यानाल्यांचा. राज्य रस्ते विकास महामंडळाने निदान प्रत्येक मोरीपाशी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेपाशी, एक खूण रोवावी आणि तिथून काढलेला फोटो दरमहा, तारखेसह संकेतस्थळावर टाकावा. खर्च नगण्य आहे. डांबर पडण्याआधी सुरुवात व्हावी, एवढेच.

– एक वाचक, कोथरूड, पुणे